बंदीनंतर इंजिन चढत नाही: पंप उतरवण्याआधी टाकीकडून सुरुवात करा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. हर्णै बंदरातली गिलनेटची लाकडी बोट. सहा सिलिंडरचं, लाईन पंपाचं (प्रत्येक सिलिंडरला दाबानं डिझेल देणारा पंप), टर्बो नसलेलं डिझेल इंजिन, अंदाजे १०० एचपी. पावसाळी मासेमारी बंदीच्या आधी भाराखाली १८०० आरपीएम सहज यायचे. ऑगस्टमध्ये बोट पाण्यात उतरवल्यापासून १४०० च्या वर जात नाही, बोटीचा वेगही पडलाय. अर्ध्या-पाऊण तासानं आणखी पडतं, वरखाली होऊ लागतं, कधी बंदच पडतं. दहा मिनिटं थांबून पुन्हा लावलं की थोडा वेळ बरं चालतं. न्यूट्रलला पूर्ण चढतं, आयडलला गोड चालतं, धूर फारसा नाही. डिझेल फिल्टर बदलून झाला. बंदीच्या काळात पंखा (प्रोपेलर) आपटलेला होता म्हणून ठोकून सरळ करून घेतला. आता मेकॅनिक म्हणतो, पंप आणि सहाही नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) उतरवून टेस्टिंगला पाठवू.

पाठवू नका. निदान आत्ता तरी नाही. तुम्ही लक्षणं इतकी नीट लिहिली आहेत की अर्धं निदान त्यातच आहे, आणि ती सगळी लक्षणं पंपाच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला बोट दाखवतात.

धुरापासून सुरू करू. इंजिन भाराखाली दबत असेल तर पहिला प्रश्न हाच विचारायचा: दबताना काळा धूर येतो का? पंखा जड झाला, पंख्यात जाळं अडकलं, हवा कमी पडली, तर गव्हर्नर (पंपाचा आरपीएम सांभाळणारा भाग) आरपीएम टिकवण्यासाठी डिझेल वाढवत राहतो, ते सगळं जळत नाही आणि काळा धूर निघतो. याउलट इंजिनाला डिझेलच कमी पोचत असेल तर जळायला जादा काही नसतंच. इंजिन धूर न काढता, आवाज न करता दबतं. तुमचं नेमकं हेच होतंय. निळा धूर असता तर ऑईल जळतंय म्हटलं असतं. गरम इंजिनातून पांढरा धूर असता तर न जळलेलं डिझेल, नाहीतर पाणी. यातलं काही तुम्ही लिहिलेलं नाही.

आता आकडे बघा. पंख्याला लागणारी ताकद ढोबळमानानं आरपीएमच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे १४०० ला पंखा जी ताकद खातो, ती १८०० च्या मानानं निम्म्याहून कमी, साधारण ४७ टक्के. तुमच्या इंजिनाची अर्धी ताकद गायब आहे. सहापैकी एक सिलिंडर पूर्ण मेला तरी एवढं होत नाही, १८०० चे १६५०-१७०० होतील आणि इंजिन असं थरथरेल की आयडललाच कळेल. सहाही नोझल दोन महिने उभ्या उभ्या एकाच वेळी अर्ध्यावर आले, हे पटण्यासारखं नाही. ठोकलेल्या पंख्यालाही याच हिशोबानं बघा. पिच (पात्यांचा तिरपेपणा) थोडी वाढली असेल, त्यानं शंभर-दीडशे आरपीएम खाल्ले असतील. चारशे नाही.

शेवटचा पुरावा मला सगळ्यात भक्कम वाटतो. नोझल दहा मिनिटांत बरा होत नाही, पंपाचा घासलेला प्लंजर दहा मिनिटांत भरून येत नाही, पंख्याची पिच दहा मिनिटांत कमी होत नाही. थांबल्यावर बरी होणारी गोष्ट म्हणजे टाकीतली निर्वात ओढ, किंवा सक्शन पाइपाच्या तोंडाशी ओढून बसलेला आणि ओढ थांबताच सुटून खाली पडणारा गाळ. न्यूट्रलला इंजिन चढतं यावरून डिझेल पुरवठा ठीक आहे असं मानू नका. न्यूट्रलला त्याला लागतं किती? भाराखाली १०० एचपीचं इंजिन ताशी वीसेक लिटर पितं, न्यूट्रलला त्याचा अगदी छोटा हिस्सा. चोंदलेल्या पाइपातूनही तेवढं येतं.

पाना हातात घेण्याआधी तीन फुकटच्या गोष्टी.

पहिली, व्हीलहाऊसमधला ॲक्सिलरेटर एकाला पूर्ण ओढायला सांगा आणि तुम्ही खाली जाऊन पंपावरचा लिव्हर बघा. तो शेवटच्या स्टॉप बोल्टला टेकतो का? दोन महिने मिठाच्या हवेत पडून केबल आत गंजते, वर लिव्हर पूर्ण दिसतो आणि खाली पंपाकडे पाऊण भागच येतो. इंजिन बंद करायची केबलही तशीच. ती पूर्ण मागे गेली नाही तर डिझेल कायम थोडं कापलेलं राहतं.

दुसरी, आरपीएमचा काटा खरा आहे का ते तपासा. अल्टरनेटरवरून चालणारा मीटर असेल आणि पट्टा सैल असेल तर काटा कमी दाखवतो. पुलीला चमकपट्टी लावून हातातल्या टॅकोमीटरनं मोजा. तुमच्या बोटीचा वेगही पडलाय, तेव्हा काट्याचा दोष असला तरी तो एकटा नसणार, पण पुढच्या सगळ्या चाचण्या याच काट्यावर मोजायच्या आहेत.

तिसरी गोष्ट टाकीचा व्हेंट, म्हणजे टाकीत हवा यायची नळी. यावर थोडा थांबतो, कारण बंदीनंतरच्या तक्रारींत हा फार वेळा सापडतो आणि फार कमी जण तिथे बघतात. डिझेल जितकं बाहेर जातं तितकी हवा आत यायला हवी. बोट शाकारून दोन महिने किनाऱ्यावर उभी राहते आणि व्हेंटची नळी ही कुंभारीण माशीला घर बांधायला आयती जागा. ती आत मातीचं बुच बसवून जाते. नाहीतर रंगकाम करणारा मुलगा नळीच्या जाळीवरून ब्रश फिरवतो आणि भोकं बुजतात. मग इंजिन चालू झालं की टाकीत हळूहळू ओढ तयार होते, अर्ध्या-पाऊण तासानं टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाला ते खेचवत नाही, इंजिन पडतं. थांबलात की कुठून तरी थोडी हवा शिरते आणि पुन्हा चालतं. चाचणी सोपी आहे: इंजिन पडायला लागलं की टाकीचं झाकण उघडा. सूं करून हवा आत गेली आणि मिनिटाभरात आरपीएम चढले, तर तुमचा रोग सापडला. नळीत तार घाला, तोंडाला बारीक जाळी बांधा, काम झालं.

झाकण उघडूनही फरक पडला नाही तर कॅनची चाचणी. निदान करायला याहून चांगलं हत्यार बंदरावर दुसरं नाही. ३५ लिटरचा स्वच्छ कॅन घ्या, त्यात नवं, गाळलेलं डिझेल भरा. टाकीकडून येणारा पाइप सेपरेटरच्या (डिझेलमधलं पाणी वेगळं करणारं भांडं) आधीच सोडा आणि फीड पंपाला नव्या, आतून गुळगुळीत पाइपानं थेट कॅनमधून डिझेल द्या. इंजिनाचा परतीचा पाइपही त्याच कॅनमध्ये सोडा, हे विसरलं जातं आणि कॅन बघता बघता रिकामा होतो. कॅन पक्का बांधा, सायलेन्सरपासून लांब ठेवा. पाइपातली एअर (अडकलेली हवा) काढा. मग शांत समुद्रात, किनाऱ्याजवळ, दुसरी बोट सोबत घेऊन, नांगर तयार ठेवून पूर्ण भाराखाली तासभर चालवा. जेटीला बांधून ही चाचणी करू नका, बोट जागेवर असताना पंखा जास्त जड लागतो आणि आकडे फसवतात.

कॅनवर इंजिन नीट चाललं, तर पंप, नोझल, कॉम्प्रेशन सगळं निर्दोष सुटलं. दोष टाकी ते फीड पंप या काही फुटांत आहे. आणि तुमच्या बाबतीत तसंच निघेल असं मी धरून चाललो आहे.

मग शोधायचं काय? आधी टाकीच्या तळातून काचेच्या बाटलीत डिझेल काढा आणि तासभर हलवू नका. वर डिझेल, खाली पाणी, आणि दोघांच्या मध्ये काळपट, बुळबुळीत साय दिसली तर ती जिवाणू आणि बुरशीची वाढ. ती डिझेल आणि पाणी जिथे भेटतात तिथेच जगते. १ जून ते ३१ जुलै ही पावसाळी बंदी तिला अगदी मानवते: अर्धी रिकामी टाकी, दमट हवा, आतल्या पत्र्यावर साचून तळाला उतरणारं पाणी, आणि हलवाहलव शून्य. बोट लाटेवर डुलायला लागली की ती साय सुटते आणि सक्शनच्या तोंडाकडे ओढली जाते. किनाऱ्यावर चाचणी घेतली तेव्हा बरं चाललं आणि बाहेर लाटेत गेल्यावर पडलं, असं अनेक जण सांगतात त्याचं कारण बहुतेक हेच असतं.

साय सापडली तर नुसता फिल्टर बदलून भागणार नाही, दोन दिवसांत नवा फिल्टर तसाच होईल. टाकी पूर्ण रिकामी करून, झाकण काढून, हातानं पुसून घ्या. डोकं टाकीत घालू नका, आतल्या वाफेनं माणूस बेशुद्ध पडतो. जंतुनाशक औषध मिळतं, पण ते टाकी साफ केल्यानंतर घाला. आधी घातलं तर मेलेला सगळा गाळ एकदम सुटून फिल्टरात येतो, तोही बहुधा बंदरापासून लांब असताना. पुढच्या वर्षी टाकी एकतर काठोकाठ भरून ठेवा, नाहीतर पूर्ण रिकामी करून कोरडी ठेवा. अर्धी ठेवू नका.

टाकी स्वच्छ निघाली तर सक्शन पाइप बघा. टाकीतल्या नळीच्या टोकाला काही बोटींत बारीक जाळी असते, ती मालकाला माहीतच नसते. रबरी पाइप जुना असेल तर बाहेरून धडधाकट दिसतो आणि आतला थर सुटून पडद्यासारखा लोंबतो. फुंकर मारली की मोकळा वाटतो, कारण फुंकरीनं पडदा उघडतो, ओढीनं मिटतो. म्हणून असा पाइप फुंकून तपासायचा नाही, बदलायचाच. बँजो बोल्टची (ज्यातून डिझेल जातं ते पोकळ बोल्ट) भोकं, कॉकमधली तुटलेली चकती, सेपरेटरच्या तळाचं पाणी, सगळं एकाच बैठकीत उरका.

आता वरखाली होण्याबद्दल. त्याचा अर्थ डिझेलबरोबर हवाही ओढली जातेय. फीड पंपाच्या आधीच्या पाइपात ओढ असते, त्यामुळे तिथली गळती डोळ्यांना दिसत नाही. डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. लोक कोरडा सांधा बघतात आणि पुढे जातात. फीड पंपाच्या आधी फूटभर पारदर्शक पाइप तात्पुरता बसवा आणि बॅटरीच्या उजेडात बघत राहा. बुडबुड्यांची रांग दिसली तर टाकीकडून एकेक सांधा घट्ट करत या. तुम्ही नुकताच फिल्टर बदललाय, म्हणून तिथली दोन ठिकाणं आधी: जुना तांब्याचा वॉशर परत वापरलाय का, आणि जुनी रबरी रिंग वरच्या बाजूला चिकटून राहून तिच्यावरच नवी बसलीय का. दोन रिंगा एकावर एक बसल्या की तिथून हवा शिरते. तांब्याचा वॉशर वापरायचाच असेल तर लाल तापवून थंड करून वापरा, पण नवा एवढा स्वस्त मिळतो की कशाला वापरायचा.

कॅनवरही इंजिन १४०० लाच अडलं, तर गोष्ट पुढे सरकते, पण अजूनही मुख्य पंपावर नाही. आधी फीड पंप: त्याच्या खालची छोटी जाळी, आतले दोन व्हॉल्व्ह, स्प्रिंग. मग दुसरा फिल्टर, जर एकच बदलला असेल तर. आणि मग पंपाच्या बाजूचा ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह. त्याची स्प्रिंग मऊ झाली तर पंपाच्या आतल्या डिझेलच्या पोकळीत (गॅलरीत) दाब टिकत नाही, डिझेल टाकीकडे परत पळतं, आणि वरच्या आरपीएमला इंजिन उपाशी राहतं. फिल्टरनंतर गेज लावून भाराखाली दाब मोजा. अशा पंपांत तो बहुधा १ ते १.५ बार असतो, तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा इंजिनाच्या पुस्तकात मिळेल. दाब पूर्ण आहे, लिव्हर पूर्ण जातोय, धूर नाही, आणि तरी चढत नाही, इथे पोचलात की मग पंप उतरवायला माझी हरकत नाही. तेव्हाही टेस्ट बेंचवर लावणाऱ्याकडेच द्या आणि प्रत्येक सिलिंडरला किती डिझेल जातं त्याचे आधीचे आणि नंतरचे आकडे लेखी मागा.

नोझलचा संशय असेल तर सहाही उतरवायची गरज नाही. आयडलला एकेका नोझलचा नट थोडा सैल करायचा आणि कान द्यायचा. आरपीएम पडले तर तो सिलिंडर काम करतोय, काही फरक पडला नाही तर दोषी तोच. हे फक्त तुमच्यासारख्या जुन्या लाईन पंपाच्या इंजिनावर. नव्या कॉमन रेल इंजिनावर नटला हातही लावायचा नाही, त्या पाइपात हजार बारच्या वर दाब असतो. साध्या नोझलचा फवारासुद्धा २०० बारच्या आसपास सुटतो आणि चामडीतून आत शिरतो. डोळ्याला चष्मा लावा, नटवर कापड धरा, फवारा हातानं चाचपू नका. टाचणी टोचल्याएवढी खूण दिसली आणि दुखत नसलं तरी लगेच हॉस्पिटलात जा, आणि डिझेल दाबानं आत गेलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. उशीर झाला तर हाताचं बोट, कधी अख्खा हातही जातो. इंजिनरूममध्ये फिरत्या शाफ्टजवळ गमछा आणि सैल शर्ट नको, हेही इथेच सांगून ठेवतो.

एक गोष्ट कोणी कितीही आग्रह केला तरी करू देऊ नका: "पंपातून डिझेल वाढवून देतो, चढेल इंजिन." पुरवठा कमी असताना पंपाचा स्क्रू फिरवून काही होत नाही, आणि पुढे कधी पुरवठा सुधारला की तेच वाढवलेलं डिझेल काळा धूर काढतं, पिस्टन तापवतं, ऑईलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑईलची पातळी आपोआप वाढलेली दिसली आणि डिझेलचा वास आला, तर ऑईल बदलल्याशिवाय इंजिन लावू नका.

पंख्याचं काय? पुरवठा दुरुस्त झाल्यावर पुन्हा भाराखाली चालवा. १८०० आले तर पंख्याचा विषय संपला. १६५०-१७०० ला अडलं आणि आता काळा धूर दिसला, तर ठोकताना पिच वाढलीय किंवा पाती सारखी राहिली नाहीत. बंदीनंतर असे दोन दोष एकत्र सापडणं नेहमीचं आहे, कारण दोन महिन्यांत बोटीवर पाच माणसांनी पाच कामं केलेली असतात. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदला आणि आकडा लिहा. आज फिल्टर, पंखा आणि नोझल एकदम बदललेत आणि बोट चालली, तर नक्की काय बिघडलं होतं ते कधीच कळणार नाही.

लाकडी बोट आहे म्हणून शाफ्टची लाईनही तपासाच. बोट कोरडी असताना जुळवलेली लाईन पाण्यात फळ्या फुगल्यावर तशी राहत नाही. पाण्यात पाच-सहा दिवस राहू द्या, मग तरंगत्या बोटीत कपलिंग सोडून दोन्ही फ्लँजमधली फट फीलर गेजनं चार बाजूंना मोजा. फ्लँजच्या दर १०० मिलिमीटर व्यासाला ०.१ मिलिमीटरहून जास्त फरक नको. कपलिंग सोडलेलं असतानाच शाफ्ट हातानं फिरवून बघा. एका माणसाला फिरला पाहिजे. ग्लँडची (शाफ्टभोवती समुद्राचं पाणी अडवणारा सांधा) दोरी नवी घातली असेल तर ती जास्त आवळलेली नाही ना ते बघा: शाफ्ट फिरत असताना थेंब थेंब पाणी यायलाच हवं. ग्लँड कोरडी आणि हात लावता येणार नाही इतकी गरम असेल तर ताकद तिथेही जातेय आणि शाफ्टही खराब होतोय.

हवेची चाचणी तर मिनिटाची आहे. पूर्ण भाराखाली इंजिनरूमचं झाकण उघडा, आरपीएम वाढले तर हवा कमी पडतेय. इंजिनरूमच्या हवेच्या वाटेवर जाळ्यांचा ढीग किंवा ताडपत्री टाकलेली असते. थंड करणाऱ्या पाण्याकडेही तेव्हाच नजर टाका, बंदीत पाण्याच्या पंपातल्या इंपेलरच्या (रबरी चक्राच्या) पाकळ्या एका बाजूला दबून कडक होतात. मोडलेली पाकळी सापडली नाही तर ती पुढे कूलरच्या नळ्यांत अडकलेली आहे असं समजा आणि काढा.

झाकणाची आणि कॅनची चाचणी झाली की दोन्हींचे भाराखालचे आरपीएम आणि धुराचा रंग कळवा. पंख्याचा व्यास, त्यावर कोरलेली पिच आणि गिअरबॉक्सचं रिडक्शन दिलंत तर पंख्याचा हिशोबही करून देतो. तोवर मेकॅनिकला पंपाचे बोल्ट ढिले करू देऊ नका, एकदा टायमिंग हललं की आज नसलेला एक नवा दोष यात मिसळेल.